पेशंटशी बोलायचं कसं: नर्सिंगमधल्या संवादाच्या पायऱ्या, क्रमाने

रात्रीच्या राउंडला दारातूनच विचारलेला प्रश्न: “काका, दुखत नाहीये ना?” आतून उत्तर येतं, “नाही.” केस पेपरवर नोंद होते: वेदना नाहीत.

एवढ्याशा बोलण्यात तीन चुका आहेत. लांबून विचारलं, त्यामुळे चेहरा दिसलाच नाही. ‘ना’ लावून विचारलं, म्हणजे उत्तर आपणच त्यांच्या तोंडी घातलं. आणि आलेलं उत्तर न पडताळता लिहून टाकलं.

संवादाची व्याख्या, प्रकार, अडथळे हे सगळं नर्सिंगच्या प्रत्येकाला पाठ असतं. पलंगाजवळ गेल्यावर मात्र क्रम सुटतो. इंजेक्शन देताना आपण आधी चार्ट बघतो, ट्रे लावतो, औषध तपासतो आणि मगच सुई हातात घेतो. बोलण्याच्या बाबतीत आपण थेट ‘सुई’पासूनच सुरुवात करतो. म्हणून हा लेख पायरीपायरीने लिहिला आहे. पायऱ्या याच क्रमाने घ्या. एखादी गाळलीत, तर तिची कसर पुढच्या पायरीवर भरून निघत नाही.

## १. जाण्याआधीची तयारी

केस पेपरवर पाच गोष्टी बघून घ्या: पूर्ण नाव, ऐकण्या-दिसण्याची अडचण, कोणती भाषा नीट समजते, मागच्या शिफ्टमध्ये काय घडलं, आणि आजाराबद्दल पेशंटला आतापर्यंत काय सांगितलं आहे.

शेवटची गोष्ट सर्वाधिक विसरली जाते. बायोप्सीचा रिपोर्ट आलेला असतो, डॉक्टर अजून पेशंटशी बोललेले नसतात, आणि आपण सहज बोलून जातो, “केमोची तारीख ठरली का?” हे वाक्य परत घेता येत नाही.

लागणारं सामान एकदमच घेऊन जा. पेशंट काही सांगू लागला आणि आपण “एक मिनिट हं, कापूस घेऊन येते” म्हणून निघालो, तर परत आल्यावर तो विषय बहुतेक वेळा बंद झालेला असतो.

आणि स्वतःकडेही बघा. आधीच्या पलंगाशी झालेला वाद पुढच्या पलंगापर्यंत चेहऱ्यावर येतो. हँडरब (हात निर्जंतुक करायचं द्रावण) हातावर नीट चोळायला २० ते ३० सेकंद लागतात. तेवढ्या वेळात खांदे सैल सोडा आणि एक श्वास पूर्ण घ्या. यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

तपासा: मी कशासाठी जातेय आणि माझ्याकडे किती मिनिटं आहेत, हे एका वाक्यात सांगता येतंय का?

## २. तोंड उघडण्याआधी दहा सेकंद पाहा

पलंगाजवळ गेल्यावर नजर आपोआप मॉनिटरवर जाते, मग सलाईनवर, मग यूरिन बॅगवर, आणि सगळ्यात शेवटी माणसाकडे. हा क्रम उलटा करा. आधी चेहरा, मग हात, मग श्वास, मग पडून राहण्याची पद्धत, आणि त्यानंतर यंत्रं. (पेशंट प्रतिसादच देत नसेल किंवा धाप लागलेली दिसत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि मदतीला हाक मारा.)

मग जागा घ्या. पेशंट झोपलेला आणि आपण उभे, अशा स्थितीत तो आपल्याकडे खालून वर बघत बोलतो, आणि आपण निघायच्या बेतात आहोत असं त्याला वाटतं. खुर्ची ओढून बसा. खुर्ची नसेल तर थोडं वाका, नजर समान पातळीवर आणा. खिडकीकडे पाठ करून उभं राहू नका; उजेड मागून आला की आपला चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत. टीव्ही चालू असेल तर विचारून बंद करा.

अंतराचंही भान हवं. एडवर्ड हॉल या मानवशास्त्रज्ञाने माणसामाणसांमधल्या अंतराचे टप्पे मांडले होते. त्यात साधारण ४५ सेंटिमीटरच्या आतलं अंतर अगदी जवळच्या माणसांसाठी राखीव असतं, आणि ४५ सेंटिमीटर ते सव्वा मीटर हे ओळखीच्या माणसाशी बोलण्याचं. आपलं जवळजवळ सगळं काम त्या ४५ सेंटिमीटरच्या आत चालतं. बीपी, ड्रेसिंग, कॅथेटर, आंघोळ, सगळंच. आपल्याला रोजची सवय असते, पेशंटला नसते. म्हणून बोलणं बाहेरच्या टप्प्यात करा आणि काम सुरू करण्याआधी विचारून आत जा.

सावध: पडदा ओढला की दिसणं थांबतं, ऐकू येणं थांबत नाही. शौचाच्या तक्रारी, एचआयव्हीचा रिपोर्ट, घरातली मारहाण हे विषय पडद्याआड मोठ्याने बोलायचे नाहीत.

## ३. आधी स्वतःची ओळख, मग त्यांची

२०१३ मध्ये केट ग्रेंजर या ब्रिटिश डॉक्टर स्वतः कॅन्सरच्या पेशंट म्हणून हॉस्पिटलमध्ये होत्या. उपचार करायला येणाऱ्यांपैकी बरेच जण आपलं नावही सांगत नाहीत हे त्यांना तिथे खटकलं, आणि ‘नमस्कार, माझं नाव…’ एवढ्यावरच त्यांनी मोहीम उभी केली. वाक्य साधं आहे, पण तेच रोज गाळलं जातं.

ओळखीत चार गोष्टी येऊ द्या: नाव, हुद्दा, काय करायला आलात, किती वेळ लागेल. “मी सुजाता, तुमची आजच्या दुपारची नर्स. जखमेचं ड्रेसिंग बदलायचंय, पंधरा मिनिटं लागतील. आता चालेल का?” शेवटचा प्रश्न खरा असू द्या. पेशंट “जरा थांबा” म्हणाला आणि थांबणं शक्य असेल, तर थांबा.

हाक कशी मारायची तेही विचारा. आजी, मावशी, काका ही हाक कुणाला आपुलकीची वाटते, तर कुणाला नावानेच बोलावलेलं आवडतं. ‘तुम्ही’ मात्र सगळ्यांना. पेशंट बेशुद्ध असला, गोंधळलेला असला, तरी त्याला ‘तू’ म्हणू नका.

आता पेशंटची ओळख पटवा. इथली चूक जिवावर बेतू शकते. “तुम्ही पाटील ना?” असं विचारलं की अर्धवट झोपेतला, कमी ऐकू येणारा किंवा घाबरलेला माणूस मान डोलावतो. “तुमचं पूर्ण नाव सांगा” असं म्हणा, ते त्यांनाच उच्चारू द्या, आणि मनगटावरच्या पट्टीशी नाव आणि जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक अशा किमान दोन गोष्टी जुळवा. पलंगाचा नंबर ही ओळख नव्हे. पलंग बदलतात.

## ४. प्रश्न विचारणं आणि त्यानंतर गप्प राहणं

सुरुवात मोकळ्या प्रश्नाने करा: “रात्र कशी गेली?”, “आत्ता सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?” उत्तर पूर्ण होऊ द्या. मग नेमके प्रश्न: कुठे, केव्हापासून, कशाने वाढतं, कशाने कमी होतं. हो-नाहीचे प्रश्न सर्वांत शेवटी.

१९८४ चा एक अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. पेशंट आपली तक्रार सांगायला लागल्यावर डॉक्टर त्याला सरासरी १८ सेकंदांत तोडत होते, असं त्यात दिसलं. तो अभ्यास डॉक्टरांचा होता, पण आपणही स्वतःला धरून बघावं. माझा अनुभव असा की पेशंट दुसऱ्यांदा बोलतो तेव्हा मुद्द्याचं बोलतो. “बरं आहे” म्हणून झाल्यावर तीन-चार सेकंद आपण काहीच न बोलता त्यांच्याकडे बघत राहिलो, तर पुढे येतं, “फक्त लघवीला जरा जळजळ होते.” तेवढी शांतता सोसत नाही म्हणून आपण पुढचा प्रश्न विचारतो आणि ती जळजळ राहून जाते. मनात पाच आकडे मोजा.

मराठीत काही प्रश्न असे आहेत की ते तोंडात बसलेले असतात आणि नुकसान करतात:

“दुखत नाही ना?”, “औषध घेतलं ना?” या ‘ना’मुळे समोरच्याला आपल्याला हवं ते उत्तर द्यावंसं वाटतं. त्याऐवजी “दुखणं कसं आहे?”, “सकाळच्या कोणत्या गोळ्या घेतल्यात?”

“गोळी का नाही घेतली?” यातला ‘का’ जाब विचारतो. “गोळी घ्यायला काय अडचण आली?” असं विचारलं तर खरं कारण कळण्याची शक्यता जास्त. गिळता येत नाही, मळमळतं, पैसे संपले, कुणीतरी ‘ती गोळी वाईट’ म्हणून सांगितलं. असं काहीही असू शकतं.

“चला, आपण गोळी घेऊया हं, शहाण्यासारखं!” गोळी त्यांना एकट्यालाच घ्यायची आहे, ‘आपण’ नाही. म्हाताऱ्या माणसाशी लहान मुलासारखं, लाडिक आवाजात बोलण्याची ही सवय प्रेमापोटी लागते हे मला मान्य आहे. पण स्मृतिभ्रंश झालेल्या पेशंटशी असं बोललं की त्यांचा विरोध वाढतो, हे अभ्यासांत दिसून आलं आहे. आवाज शांत ठेवा, वाक्यं छोटी ठेवा, पण माणूस मोठा आहे हे धरून बोला.

“काही होणार नाही, काळजी करू नका.” हे आपण सगळेच म्हणतो. ऑपरेशनच्या आदल्या रात्री “मी यातून उठेन ना?” असं विचारणाऱ्या माणसाला हे उत्तर दिलं की तो गप्प होतो. समाधान झालेलं नसतं. आपण दार लावून घेतलं हे त्याला कळलेलं असतं. “उद्याचा विचार मनात येतोय. कशाची भीती जास्त वाटतेय?” असं म्हणून बघा. बऱ्याचदा भीती अगदी ठरावीक गोष्टीची असते: मध्येच जाग आली तर, घरी लहान मुलांकडे कोण बघेल. त्यावर काहीतरी करता येतं.

तपासा: गेल्या दोन मिनिटांत जास्त कोण बोललं? आपणच बोलत असू, तर थांबा.

## ५. शरीर काय सांगतंय ते वाचा, पण निष्कर्षाची घाई नको

पोटाच्या ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस. पन्नाशीचे गृहस्थ. “कसं वाटतंय?” “ठीक आहे, सिस्टर.” आवाज नीट, चेहऱ्यावर हसूही. पण डावा हात चादरीखाली टाक्यांवर दाबून धरलेला, श्वास वरवरचा, आणि हाताच्या अंतरावर ठेवलेलं पाणी सकाळपासून तसंच भरलेलं. मी म्हटलं, “तुमचा हात टाक्यांवर आहे, आणि पाण्याला हात लागलेला दिसत नाही. जरा कूस बदलून दाखवता?” कोपरावर अर्धं उठले आणि डोळ्यांत पाणी आलं. पडून राहिलं तर वेदना दहापैकी दोन, हललं की आठ. दोनच विचारले गेले होते, दोनच लिहिले गेले होते. हललं की दुखतं म्हणून ते हलत नव्हते, खोकत नव्हते, खोल श्वास घेत नव्हते. असा पेशंट पुढे छातीत कफ साठून न्यूमोनियाकडे जाऊ शकतो.

यातून दोन नियम. वेदना पडून असताना आणि हालचाल करताना, दोन्ही वेळा विचारा. आणि शब्द आणि शरीर जुळत नसतील, तर जे दिसतंय ते बोलून दाखवा आणि विचारा. “तुम्हाला खूप दुखतंय, लपवू नका” हा निष्कर्ष झाला. “तुमचा हात टाक्यांवर आहे” हे निरीक्षण. निरीक्षणावर माणूस बोलतो, निष्कर्षावर भांडतो किंवा गप्प बसतो.

उलटी चूकही तितकीच होते. हाताची घडी म्हणजे नाराजी, नजर चुकवली म्हणजे खोटं बोलतोय, असं ठरवून टाकणं. हाताची घडी थंडीमुळेही असते. पार्किन्सनच्या पेशंटचा चेहरा आजारामुळेच भावहीन दिसतो. आत खूप काही चाललेलं असतं. पक्षाघातात अर्धा चेहरा हलत नाही. जुनाट वेदना असलेला माणूस मोबाइल बघत, हसत बोलू शकतो आणि तरीही त्याचा सातचा आकडा खरा असतो.

इथेच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण विद्यार्थ्यांच्या वह्यांत ती अजून लिहिलेली सापडते: ‘संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के, देहबोलीचा ५५ टक्के.’ हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आले. सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्यांचे फोटो वापरून, बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही हे लोक कशावरून ओळखतात, एवढंच त्यात तपासलं होतं. औषधाचा डोस सांगताना शब्दांचा वाटा ७ टक्के नसतो. हे वाक्य वहीतून खोडा.

बोलून सांगता न येणाऱ्यांसाठी मोजपट्ट्या आहेत, त्या वापरा. २ महिने ते ७ वर्षांच्या मुलांसाठी फ्लॅक: चेहरा, पाय, हालचाल, रडणं, समजूत घातल्यावर शांत होणं, प्रत्येकाला ० ते २, एकूण १० पैकी. स्मृतिभ्रंश वाढलेल्या पेशंटसाठी पेनॅड: श्वास, तोंडातून निघणारे आवाज, चेहरा, देहबोली, शांत होणं, यातही एकूण १०.

सावध: चेहऱ्यांच्या चित्रांची वाँग-बेकर पट्टी ३ वर्षांपुढच्या मुलांना दाखवली जाते. त्यावरचा चेहरा मुलाने निवडायचा असतो. मुलाच्या चेहऱ्याकडे बघून आपण चित्र जुळवलं, तर ती मोजणीच चुकली.

## ६. स्पर्श: सांगा, थांबा, मग करा

“हात पुढे करा” म्हणता म्हणता पट्टा गुंडाळून झालेला असतो. सांगणं आणि करणं यांच्यात एक श्वासाची जागा ठेवा. “आता पोटावर हात ठेवणार आहे, हात थोडा गार लागेल.” थांबा. होकार शब्दाने आला, मानेने आला, की मग हात.

धीर देण्यासाठी हात ठेवायचा असेल तर तळहात, मनगटापुढचा भाग किंवा खांदा, एवढंच. स्नायू आखडले, हात मागे गेला, की आपला हात काढून घ्या. त्यावर काही बोलू नका. ग्लोव्हज कामासाठी असतात. शेजारी बसून हात धरायचा असेल आणि संसर्गाचं कारण नसेल तर ते काढा.

पक्षाघातानंतर काहींना एका बाजूचं दिसत नाही किंवा त्या बाजूची जाणीवच राहत नाही. त्या बाजूने जाऊन अचानक हात लावला तर ते दचकतात, झटका देतात, आणि आपण लिहितो ‘पेशंट आक्रमक’. चांगल्या बाजूने जा, दिसेल असे उभे राहा, नाव घ्या, मग स्पर्श.

बेशुद्ध पेशंटलाही हेच सगळं लागू. नाव घेऊन हाक, मी कोण, आता काय करणार, कूस कोणत्या बाजूला वळवणार. त्यांच्या डोक्यावरून दोघींनी घरच्या गप्पा मारत आंघोळ उरकायची नाही. त्यांना ऐकू येतंय असं धरूनच चालायचं.

## ७. समजावून सांगणं आणि परत त्यांच्या तोंडून ऐकणं

माझ्याकडून झालेली चूक सांगते. हृदयाचं काम मंदावलेल्या एका आजींना डिस्चार्ज होता. डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटर पाण्याची मर्यादा घालून दिली होती. मी नीट समजावलं, कार्डवर लिहून दिलं, “समजलं ना?” म्हटलं, त्या “हो हो” म्हणाल्या. आठवड्याने परत आल्या तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले. त्यांनी पाणी अगदी मोजून दीड लिटरच प्यायलं होतं. चहा, दूध, सूप, सरबत वेगळं. मी ‘पाणी’ म्हटलं होतं, त्यांनी पाणीच मोजलं. चूक त्यांची नव्हती.

तेव्हापासून “समजलं का?” हा प्रश्न मी बंद केला. त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. त्याऐवजी असं करा:

१) आधी विचारा: “याबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?” चुकीची समजूत असेल तर ती आधीच कळते.

२) एका वेळी दोन किंवा तीनच मुद्दे सांगा. सर्वांत महत्त्वाचा पहिल्यांदा.

३) घरातले शब्द वापरा. “एनपीओ आहे” म्हणू नका. “रात्री बारानंतर काही खायचं नाही” असं म्हणा, आणि पाण्याचा एक घोट चालेल की नाही तेही भूलतज्ज्ञांच्या सूचनेप्रमाणे स्पष्ट सांगा. “रिपोर्ट निगेटिव्ह आला” हे ऐकून लोक घाबरतात. “ज्या आजाराची शंका होती, तो या तपासणीत दिसला नाही” असं म्हणा. “दिवसातून तीनदा”पेक्षा घड्याळाची वेळ सांगा.

४) त्यांच्याकडून ऐका, आणि ओझं स्वतःवर घ्या: “मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर दिवसभरात काय काय आणि किती प्याल, ते मला सांगा.” त्या आजींना एवढं विचारलं असतं, तर चहा तिथेच निघाला असता.

५) कृती असेल तर करून दाखवायला सांगा. इन्हेलर, इन्सुलिनचं पेन, ड्रेसिंग. यातलं काहीही फक्त तोंडी शिकवून होत नाही.

६) चुकलं तर तेच वाक्य मोठ्या आवाजात पुन्हा म्हणू नका. शब्द बदला, चित्र काढा, मापाचं भांडं हातात द्या. मग परत ऐका.

“आणखी काही विचारायचंय का?” यावर ‘नाही’ येतं. “काय काय विचारायचं राहिलंय?” यावर प्रश्न येतात.

तपासा: कोणत्या लक्षणांवर ताबडतोब यायचं आणि कुणाला फोन करायचा, हे पेशंटने स्वतःच्या शब्दांत सांगितलं का?

## ८. जिथे नेहमीची वाट चालत नाही

कमी ऐकू येणारे. वयाने ऐकू कमी येतं तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. ओरडलं की आवाज उंच होतो आणि शब्द फाटतात. खालच्या पट्टीत, सावकाश, समोरून बोला. कोणत्या कानाने बरं ऐकू येतं ते विचारा. श्रवणयंत्र कानात आहे का, चालू आहे का, बॅटरी आहे का? ते ड्रॉवरमध्ये असेल तर तुमचं सगळं कौशल्य वाया. मास्कमुळे ओठ दिसत नसतील तर मोठ्या अक्षरात लिहा.

बोलता न येणारे. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या माणसाची बुद्धी गेली असं समजू नका. एका वेळी एकच प्रश्न, उत्तराला भरपूर वेळ, आणि शब्द आपण पूर्ण करायचे नाहीत. त्यांचं ‘हो’ भरवशाचं आहे का ते आधी बघा: ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे असा एक ‘हो’चा आणि एक ‘नाही’चा प्रश्न विचारा. महत्त्वाचा प्रश्न उलटूनही विचारा. श्वासाची नळी घातलेल्या, शुद्धीतल्या पेशंटशी खूण ठरवा, समजा डोळे एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही, आणि ती खूण पलंगाच्या डोक्याशी लिहून लावा. प्रत्येक शिफ्टने नवी खूण काढली तर पेशंट प्रयत्न सोडून देतो.

भाषा वेगळी असेल तर. प्रशिक्षित दुभाषा मिळाला तर उत्तम. बोलताना नजर पेशंटकडे, दुभाष्याकडे नाही. दोन वाक्यं, मग थांबा. नातेवाईक वाईट भाग गाळतात किंवा सौम्य करतात. संमती, निदान, खाजगी तक्रारी त्यांच्यामार्फत नकोत. लहान मुलाला तर दुभाषा करूच नका.

चिडलेले नातेवाईक. गर्दीतून बाजूला न्या, शक्य तर बसवा, स्वतःही बसा, दाराकडची बाजू आपल्याकडे ठेवा. पहिलं वाक्य खुलाशाचं नको. ते पूर्ण बोलू देत. मग जे ऐकलं ते परत म्हणा: “दोन तास झाले, डॉक्टर आले नाहीत आणि कुणी काही सांगितलंही नाही, बरोबर?” त्यानंतर आपल्या हातातलं एक काम आणि त्याची वेळ सांगा. “दहा मिनिटांत फोन करून तुम्हाला येऊन सांगते.” दहा मिनिटांनी जा, उत्तर मिळालेलं नसलं तरी.

## ९. सहकाऱ्यांशी बोलणं: फोन आणि हँडओव्हर

पेशंटशी छान बोलणारी नर्सही डॉक्टरांना फोन करताना अडखळते: “सर, बारा नंबरचे जरा बरे वाटत नाहीयेत.” रात्री तीन वाजता यावरून कुणी उठून येत नाही. फोन हातात घेण्याआधी आकडे समोर ठेवा आणि एसबारचा क्रम धरा: परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन, शिफारस.

“मी सर्जिकल वॉर्डमधून स्टाफ नर्स सुजाता. बेड १२ च्या पेशंटबद्दल तातडीचा फोन आहे, बीपी उतरतंय. *(परिस्थिती)* वय ६४, आज सकाळी आतड्याचं ऑपरेशन झालंय. *(पार्श्वभूमी)* तासाभरात नाडी ९२ वरून १२४, बीपी १२६/८० वरून ९४/६०, गेल्या दोन तासांत लघवी ३० मिली, पोट ताठ, हातपाय गार. ड्रेसिंग कोरडं आहे, पण आत रक्तस्राव होत असावा अशी मला शंका आहे. *(मूल्यमापन)* तुम्ही आत्ता येऊन बघावं. तोवर काय सुरू करू?” *(शिफारस)*

चौथा भाग मान खाली घालून गाळला जातो. ‘मी कोण सांगणारी’ असं वाटतं. तुम्ही पलंगाशी उभ्या आहात, त्यांना फक्त आवाज ऐकू येतोय. स्पष्ट मागा.

तोंडी ऑर्डर आणीबाणीतच घ्यायची, आणि घेताना तीन गोष्टी: लिहा, लिहिलेलं वाचून दाखवा, पलीकडून “बरोबर” ऐका. “ओके सर” म्हणजे वाचून दाखवणं नव्हे. मराठीत आकडे फसवे आहेत. साठ, सात, आठ, त्रेपन्न, त्रेसष्ट, एकोणपन्नास, एकोणसाठ. म्हणून आकडा सुटा करून सांगा: “साठ, सहा-शून्य.” डोपामिन आणि डोब्युटामिनसारखी औषधांची नावं अक्षर-अक्षर करून पक्की करा. लिहिताना अर्धा मिलिग्रॅम ०.५ असा, पाच मिलिग्रॅम नुसता ५ असा; ५.० असा कधीही नाही, बिंदू पुसट झाला तर दहापट डोस जातो.

हँडओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती पुढच्या नर्सकडे सोपवणं, शक्यतो पलंगाशी, पेशंटला सामील करून. पण त्यांच्याशी बोलत, त्यांच्याबद्दल त्यांच्यावरून नव्हे. खाजगी भाग नर्सिंग स्टेशनवर.

## १०. निघताना आणि निघाल्यावर

बेल हाताशी ठेवा, लुळ्या हाताकडे नाही. पाणी, चष्मा पोहोचेल असं ठेवा. परत कधी येणार ते सांगा: “थोड्या वेळाने” नको, “साडेचारला” म्हणा.

मग लगेच नोंद. पेशंटचे शब्द त्याच्याच भाषेत, अवतरणात. वागणं दिसलं तसं, शिक्का न मारता. ‘पेशंट सहकार्य करत नाही, उद्धट’ यावरून पुढच्या शिफ्टला काहीच कळत नाही, फक्त मन आधीच कलुषित होतं. त्याच पेशंटची नोंद अशी करता आली असती: ‘सकाळी ८.१०. ड्रेसिंगला नकार. म्हणाले, “काल फार दुखलं, आधी सुई द्या.” वेदना पडून २, हालचालीत ८. डॉक्टरांना ८.१५ ला कळवलं. लिहून दिलेलं वेदनाशामक ८.२० ला दिलं. ८.५० ला हालचालीत वेदना ३. स्वतःहून म्हणाले, “आता करा.” ९.०० ला ड्रेसिंग पूर्ण.’